इटालियन ‘पान्नो’: कापड, कपडे की बनात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्लोरेन्समधील लोकर-कामगारांच्या १३७८ सालच्या उठावावरचा एक इटालियन लेख आपण मराठीत आणत आहात. त्यात ‘पान्नो’ हा शब्द आणि त्याचे अनेकवचन ‘पान्नी’ वारंवार येते. एका वाक्यात शहरात दरवर्षी इतके हजार पान्नी तयार होत, असे म्हटले आहे. दुसऱ्यात बायका आर्नो नदीवर पान्नी धूत आहेत. तिसऱ्यात लेखक वाचकाला त्या कामगारांच्या पान्नींमध्ये शिरून विचार करायला सांगतो. शब्दकोशात आपल्याला ‘कापड’ एवढाच अर्थ मिळाला आणि तो तिन्ही ठिकाणी घातल्यावर एकही वाक्य धड उभे राहिले नाही. या शब्दाला एकच मराठी प्रतिशब्द ठरवून सगळीकडे तोच वापरता येईल का, असे आपण विचारले आहे.

एकच प्रतिशब्द चालणार नाही. तीन ठिकाणी तीन वेगळे शब्द लागतील, आणि तिसऱ्या ठिकाणी तर कापडाशी संबंध नसलेला शब्दप्रयोग लागेल. मात्र प्रत्येक ठिकाणी कोणता शब्द हवा, हे ठरवण्याची काही निश्चित पद्धत आहे. कापडव्यापाराची इटालियन कागदपत्रे आणि इतिहासविषयक लेखन या दोन्हींचा अनुवाद मी अनेक वर्षे करत आलो आहे. या शब्दापाशी मी ज्या क्रमाने विचार करतो, तो क्रम खाली मांडतो.

पहिली गोष्ट अशी की ‘कापड’ हा अर्थ चुकीचा नाही, पण तो फार ढोबळ आहे. सर्वसाधारण कापडासाठी आजच्या इटालियनमध्ये ‘तेस्सूतो’ हा शब्द आहे, म्हणजे विणलेली वस्तू. शिंप्याकडे न्यायच्या कापडाला ‘स्तोफ्फा’ म्हणतात. ताग, अंबाडी, जवसाचे सूत किंवा कापूस यांच्या साध्या विणीच्या कापडाला ‘तेला’ म्हणतात, आणि चित्रकाराचा कॅनव्हासही तेलाच असतो. भरजरी किंवा रेशमी वस्त्राला ‘द्राप्पो’ म्हणतात. एवढे शब्द हाताशी असताना लेखक ‘पान्नो’ म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी नेमके असते. ते नेमके काय, हे शोधणे हे आपले खरे काम आहे.

या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘पान्नुस’ हे आहे. त्याचा अर्थ कापडाचा तुकडा किंवा चिंधी असा होता. पुढे इटालियनमध्ये त्याला तीन वाटा फुटल्या. एकवचनात आणि जिन्नस म्हणून आला तर तो विशिष्ट प्रकारचे लोकरी कापड दाखवतो. एकवचनात पण एखाद्या कामासाठीचा तुकडा म्हणून आला तर ते फडके, पुसणे किंवा आच्छादन असते. अनेकवचनात आला तर बहुतेक वेळा अंगावरचे कपडे किंवा धुणे असते. ‘बहुतेक वेळा’ असे मुद्दाम म्हटले आहे, कारण आपल्या लेखातील पहिले वाक्य नेमके या नियमाबाहेरचे आहे. निर्णय कोणत्या शतकातील मजकूर आहे, तो कोणी लिहिला आहे आणि सोबत कोणते क्रियापद आहे, यांवर अवलंबून राहतो.

आता त्या लोकरी कापडाकडे थोडे सविस्तर पाहू, कारण फ्लोरेन्सचा इतिहास त्याच्यावरच उभा आहे. पान्नो म्हणजे नुसते लोकरीचे विणलेले कापड नव्हे. मागावरून उतरलेले कापड हे त्याचे अर्धे रूप असते. त्यातील गाठी आणि कचरा वेचून काढतात, तेलकटपणा जाण्यासाठी विशिष्ट मातीने किंवा साबणाने ते धुतात, आणि मग ते ‘ग्वाल्किएरा’मध्ये जाते. ग्वाल्किएरा म्हणजे पाणचक्कीवर चालणारे कांडणयंत्र. त्यात लाकडी हातोडे ओल्या कापडावर सतत आदळत राहतात. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. ओल, ऊब आणि मार यांमुळे ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. कापड लांबीरुंदीला चांगलेच आटते, जाड होते, आणि विणीच्या खाचा बुजून जातात. फ्लोरेन्सच्या वरच्या बाजूला आर्नोकाठी रेमोले येथे अशा ग्वाल्किएरांची मध्ययुगीन इमारत आजही उभी आहे.

कांडणीनंतर कापड मोठ्या चौकटींवर ताणून वाळवतात, म्हणजे ते सरळ आणि एकसारख्या रुंदीचे होते. नंतर एका काटेरी वनस्पतीच्या वाळलेल्या बोंडांनी त्याचा पृष्ठभाग विंचरून लव वर काढतात आणि मोठ्या जड कात्र्यांनी ती लव समान उंचीवर कातरतात. विंचरणे आणि कातरणे चांगल्या मालात पुन्हा पुन्हा होत असे. या शेवटच्या कामाला ‘चिमातूरा’ म्हणतात, आणि मालाचा दर्जा बऱ्याच अंशी तिथे ठरे. रंग कधी लोकरीला, कधी सुताला, तर कधी तयार कापडाला दिला जाई.

हे तपशील अनुवादकाला का हवेत? कारण पान्नो हातात घेतल्यावर काय दिसते, हे माहीत असेल तरच मराठी शब्द निवडता येतो. चांगला पान्नो उजेडासमोर धरला तरी त्यातील उभे-आडवे धागे दिसत नाहीत. हात एका दिशेने फिरवला तर तो गुळगुळीत लागतो, उलट फिरवला तर किंचित अडतो आणि रंगही गडद दिसतो. म्हणून शिंपी कोटाचे सगळे भाग लवेची एकच दिशा ठेवून बेततो. कात्रीने कापलेल्या कडेचे सूत सहजी निसटत नाही. मात्र त्या कडेला सुईच्या टोकाने थोडे उकरले तर एखाददुसरा धागा अखेर बाहेर येतो. हा शेवटचा तपशील महत्त्वाचा आहे, कारण त्यावरूनच पान्नो आणि ‘फेल्त्रो’ यांच्यातला फरक कळतो. फेल्त्रो म्हणजे न विणता, लोकरीचे तंतू थेट दाबून आणि मळून केलेले नमद्यासारखे कापड. त्यात निघायला धागाच नसतो.

मराठीत या वस्तूला शब्द आहे, आणि तो विस्मरणात जात असल्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते. तो शब्द म्हणजे ‘बनात’. युरोपातून येणाऱ्या जाड, दाट, लव कातरलेल्या लोकरी कापडाला आपल्याकडे बनात म्हणत असत. जुन्या मराठी कागदपत्रांत तिच्यासोबत ‘सकलाद’ हा शब्दही येतो. बनात म्हणजे नेमके ते कापड, जे युरोपात मागावर विणून, कांडून आणि कातरून तयार होत असे. त्यामुळे मध्ययुगीन फ्लोरेन्सच्या संदर्भात पान्नोला ‘बनात’ म्हणणे हा ओढूनताणून आणलेला पर्याय नाही. वस्तू तीच आहे, फक्त ती आपल्याकडे आली तेव्हा तिची घडण आणखी काही शतके पुढे गेलेली होती.

काही अनुवादांत मी ‘घोंगडी’ किंवा ‘कांबळे’ हे शब्द पाहिले आहेत. ते टाळावेत. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली आपली घोंगडी ही स्वतंत्र आणि मोलाची वस्तू आहे, पण तिची वीण उघडी दिसते आणि तिचा कस वेगळ्या गुणांत आहे. फ्लोरेन्सच्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या अंगावर घोंगडी घातली की वाचकाच्या मनात मेंढपाळ उभा राहतो आणि सगळा सामाजिक अर्थ उलटा होतो. ‘नमदा’ हा शब्दही वापरू नये, कारण तो फेल्त्रोसाठी लागेल.

आजच्या सर्व वाचकांना बनात समजेल का, ही शंका रास्त आहे. वाचक तरुण असेल आणि लेख नियतकालिकासाठी असेल, तर पहिल्या उल्लेखात ‘बनात, म्हणजे कांडून दाट केलेले आणि लव कातरलेले लोकरी कापड’ असे वाक्यातच सांगून टाकावे आणि पुढे निःशंकपणे ‘बनात’ वापरावे. मुलांसाठीचा मजकूर असेल तर ‘दाट लोकरी कापड’ एवढेही पुरेल. फक्त एकदा ‘लोकर’, एकदा ‘कापड’, एकदा ‘वस्त्र’ असे बदलत राहू नये, कारण तिन्ही ठिकाणी तीच वस्तू आहे हे वाचकाच्या लक्षातच येणार नाही.

आता आपल्या पहिल्या वाक्याकडे येऊ. वर्षाला इतके हजार पान्नी तयार होत, हे विधान चौदाव्या शतकातील फ्लोरेन्सचा बखरकार जोवान्नी विल्लानी याच्या आकड्यांवरून आलेले असावे. त्याने १३३८ च्या सुमाराची शहराची स्थिती नोंदवताना लिहिले आहे की लोकर-श्रेणीच्या, म्हणजे ‘आर्ते देल्ला लाना’ या लोकरधंद्यातील मालकांच्या अधिकृत संघटनेच्या, २०० हून अधिक पेढ्या होत्या, त्या वर्षाला ७०,००० ते ८०,००० पान्नी तयार करत, त्यांचे मोल १२ लाख सोन्याच्या फ्लोरिनांहून अधिक होते आणि ३०,००० हून अधिक माणसे त्यावर पोट भरत होती. त्याच ठिकाणी तो सांगतो की सुमारे ३० वर्षांपूर्वी पेढ्या ३०० होत्या आणि पान्नी एक लाखाहून अधिक निघत, पण ते जाडेभरडे असत आणि त्यांचे मोल निम्मेच असे, कारण तेव्हा इंग्लंडची लोकर तिकडे येत नव्हती आणि तिच्यावर काम कसे करावे हेही ठाऊक नव्हते.

इथे ‘पान्नी’ हे अनेकवचन आहे, तरी त्याचा कपड्यांशी काही संबंध नाही. ते मोजमापाचे एकक आहे. मागावरून उतरून पूर्ण संस्कार झालेला, विक्रीयोग्य लांबीचा एक अखंड नग म्हणजे एक पान्नो. आपल्या कापडबाजारात यालाच ‘ठाण’ किंवा ‘तागा’ म्हणतात. म्हणून ‘बनातीची सत्तर ते ऐंशी हजार ठाणे’ असे भाषांतर करावे. ‘सत्तर हजार कपडे’ असे लिहिले तर शहर शिवलेले अंगरखे विकत होते असा अर्थ होतो, आणि ‘सत्तर हजार कापडे’ असे मराठीत म्हणतच नाहीत. याची खूण सोपी आहे. अनेकवचनी पान्नींच्या आधी संख्या असेल, आणि जवळपास किंमत, गाव किंवा लोकरीची जात असेल, तर ती ठाणे असतात.

व्यापारी नोंदींत हे फार स्पष्ट दिसते. प्रातो येथील व्यापारी फ्रान्चेस्को दातीनी १४१० साली वारला. त्याच्या घरात १८७० मध्ये सापडलेल्या दप्तरात सुमारे दीड लाख पत्रे आणि पाचशेहून अधिक हिशेबवह्या आहेत. अशा प्रकारच्या कागदपत्रांत पान्नो सहसा एकटा येत नाही. त्याच्यासोबत कुठला, कोणत्या लोकरीचा, कोणत्या रंगाचा हे असते. फ्लोरेन्समध्ये ‘सान मार्तीनो’चा पान्नो म्हणजे इंग्लंडच्या उंची लोकरीचा, आणि ‘गार्बो’चा पान्नो म्हणजे भूमध्य समुद्राच्या परिसरातून, विशेषतः स्पेनकडून येणाऱ्या लोकरीचा. ‘पान्नी फ्रान्चेस्की’ असे आले तर फ्रान्स आणि फ्लँडर्सकडून आणलेला माल समजावा. तो आयात करून त्यावर रंगाचे आणि कातरणीचे संस्कार करणारी श्रेणी ‘कालिमाला’ ही होती, आणि ती आर्ते देल्ला लानापासून वेगळी होती. आपल्या लेखात दोन्ही नावे येण्याची शक्यता आहे. दोन्हींना ‘विणकर-संघ’ म्हणून टाकू नये. कालिमालाचे लोक विणत नव्हते, आणि आर्ते देल्ला लानाचे सदस्यही स्वतः मागावर बसणारे नव्हते. ते पैसा गुंतवून काम वाटून देणारे होते. मागावर बसणारे, लोकर पिंजणारे आणि झोडपणारे लोक श्रेणीबाहेर होते, आणि १३७८ च्या चोम्पींच्या, म्हणजे याच लोकर-कामगारांच्या, उठावाची एक मुख्य मागणी स्वतःच्या श्रेणीची होती. ‘विणकर-संघाविरुद्ध विणकरांचा उठाव’ असे वाक्य तयार झाले तर वाचक गोंधळून जाईल.

रेशमी मालासाठी त्याच शहरात ‘द्राप्पी’ हा शब्द चाले, आणि त्याची श्रेणीही निराळी होती. म्हणून एकाच वाक्यात ‘पान्नी आणि द्राप्पी’ अशी जोडी आली तर ती पुनरुक्ती समजून एक शब्द गाळू नये. ‘बनाती आणि रेशमी वस्त्रे’ असे दोन्ही ठेवावे. तसेच ‘पान्नीलानी’ आणि ‘पान्नीलीनी’ अशी जोडी आली तर पहिले लोकरी कापड आणि दुसरे जवसाच्या सुताचे, म्हणजे लिननचे कापड. या दुसऱ्या शब्दात पान्नोचा लोकरीशी संबंध सुटतो, कारण सोबतच्या विशेषणाने त्याला पुन्हा सर्वसाधारण ‘कापड’ केलेले असते.

दुसरे वाक्य वरवर सर्वांत सोपे दिसते आणि तिथेच सर्वाधिक सावध राहावे लागते. बायका नदीवर पान्नी धूत आहेत. आजच्या बोलीत ‘लावारे ई पान्नी’ म्हणजे धुणे धुणे आणि ‘स्तेन्देरे ई पान्नी’ म्हणजे धुणे वाळत घालणे. मराठीतील ‘धुणे’ हा शब्द इथे अगदी चपखल आहे, कारण त्यातही कपडे सुटे न मोजता एकत्रित पाहिलेले असतात. आपल्या वाक्यात बायका आहेत, नदीकाठ आहे आणि रोजच्या जगण्याचे वर्णन चालले आहे, त्यामुळे ‘बायका आर्नोच्या काठी धुणे धूत’ हे भाषांतर योग्य ठरेल.

पण लेख लोकर-उद्योगाचा आहे हे विसरू नये. त्याच नदीत, त्याच शहरात, मागावरून उतरलेली ठाणेही धुतली जात. कर्ता बदलून ‘कामगार’ झाला, किंवा आधीच्या वाक्यात माग आणि नंतरच्या वाक्यात ग्वाल्किएरा आली, तर तेच शब्द ‘ठाणे धूत’ असे वाचावे लागतील. मी अशा ठिकाणी पुढचे क्रियापद पाहतो. पान्नी धुऊन पुढे दोरीवर किंवा कुंपणावर टाकल्या जात असतील तर ते धुणे आहे. त्या ‘तिरातोइओ’मध्ये नेल्या जात असतील तर ते ठाण आहे, कारण तिरातोइओ म्हणजे बनात ताणून वाळवण्याची मोठी इमारत. फ्लोरेन्समध्ये अशा इमारती होत्या आणि तिथे घरगुती कपडे कोणी नेत नसे.

आर्नो आणि पान्नी यांच्या जोडीमागे आणखी एक गोष्ट आहे, आणि तिचा उल्लेख इटालियन लेखक सहज करून जातात. ‘आर्नोत पान्नी खळबळणे’ हा भाषेविषयीचा वाक्प्रचार आहे. आलेस्सांद्रो मान्झोनी हा मिलानचा लेखक १८२७ मध्ये, आपल्या कादंबरीची पहिली आवृत्ती निघाल्यानंतर, फ्लोरेन्सला गेला. कादंबरीची भाषा तिथल्या शिष्ट बोलीप्रमाणे सुधारून घ्यायची असा त्याचा हेतू होता, आणि सुधारित आवृत्ती १८४० ते १८४२ या काळात निघाली. फ्लोरेन्सहून लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्याजवळ आर्नोच्या पाण्यात खळबळायच्या ७१ चादरी आहेत असे म्हटले होते, म्हणजे कादंबरीचे तितके छापील ताव. लोकांच्या तोंडी पुढे चादरींच्या जागी पान्नी आल्या. आपल्या लेखात लेखक एखाद्याच्या शैलीविषयी बोलताना हे शब्द वापरत असेल, तर तिथे नदी आणि धुणे आणू नये. ‘भाषा घासूनपुसून तोस्कानाच्या, म्हणजे फ्लोरेन्सच्या प्रांताच्या, वळणाची करणे’ असा अर्थ द्यावा.

तिसऱ्या वाक्यातील ‘मेत्तेर्सी नेई पान्नी दी’ हा रोजच्या वापरातील वाक्प्रचार आहे. शब्दशः अर्थ दुसऱ्याचे कपडे अंगावर घेणे असा होतो. मराठीत आपण ‘त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे’ असे म्हणतो, आणि तेच लिहावे. आपल्या लेखकाने मात्र इथे थोडी करामत केलेली दिसते. ज्यांनी आयुष्यभर इतरांसाठी पान्नी तयार केले, त्यांच्याच पान्नींमध्ये शिरायला तो सांगतो आहे. ही शब्दक्रीडा मराठीत तशीच उतरणार नाही. माझा सल्ला असा की ती वाक्प्रचारात कोंबण्याचा प्रयत्न न करता शेजारच्या वाक्यात अर्थरूपाने आणावी, उदाहरणार्थ: ‘ज्यांच्या हातून शहराची बनात तयार होई, पण ज्यांच्या अंगावर ती कधी चढत नसे, त्या माणसांच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहा.’ चोम्पी उंची बनात वापरू शकत नव्हते, हे मूळ लेखातच कुठेतरी आलेले असेल तर हे वाक्य निर्धास्तपणे घ्यावे. आलेले नसेल तर मधला भाग गाळावा, कारण आपण लेखकाच्या पदरी नवे विधान बांधू नये.

अनेकवचनी पान्नी कपड्यांच्या सरळ अर्थानेही गंभीर साहित्यात येतात. मॅकियाव्हेलीने १० डिसेंबर १५१३ रोजी फ्रान्चेस्को वेत्तोरीला लिहिलेल्या पत्रात, संध्याकाळी अभ्यासिकेत जाण्यापूर्वी चिखलाने भरलेला रोजचा पोशाख उतरवून आपण ‘राजदरबाराला साजेशा पान्नी’ अंगावर चढवतो, असे सांगितले आहे. तिथे ‘कपडे’ हा शब्द फिका पडतो. ‘दरबारी पोशाख’ किंवा ‘दरबारी वस्त्रे’ हवे, कारण प्राचीन ग्रंथकारांच्या भेटीला जाताना त्याने बाळगलेला आदर त्या शब्दातून दिसला पाहिजे. वाक्प्रचारांत मात्र उलट धोरण ठेवावे. ‘मळक्या पान्नी घरातच धुवाव्यात’ या इटालियन म्हणीसाठी ‘घरातले भांडण चव्हाट्यावर आणू नये’ हे चालते. एखाद्याच्या अंगावर पान्नी बेतणे म्हणजे त्याच्यामागे त्याची उणीदुणी काढणे. धुतलेल्या पान्नोसारखा पांढरा पडणे म्हणजे चेहरा पांढराफटक पडणे. या ठिकाणी कापड सोडून द्यावे, त्यात काही हरवत नाही.

एक जागा मात्र अशी आहे की जिथे तयार मराठी म्हण हाताशी असूनही मी ती वापरणार नाही. दान्तेच्या स्वर्गविषयक काव्याच्या बत्तिसाव्या सर्गात संत बर्नार्ड म्हणतो की वेळ निसटत चालला आहे, तेव्हा हाती असलेल्या पान्नोच्या मानाने झगा बेतणाऱ्या चांगल्या शिंप्याप्रमाणे आपण इथे थांबू. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण लगेच सुचते. ती अर्थाने जवळची आहे, पण तिच्यात खर्चाचा धाक आहे. दान्तेच्या ओळीत कारागिराचे कसब आहे: आहे तेवढ्यातून पुरेपूर आणि नेटके काही घडवणे. आपल्याकडे ‘बेतणे’ हे नेमके क्रियापद असताना शिंप्याला हाकलून अंथरूण आणण्याचे कारण नाही.

एकवचनी पान्नोचा दुसरा वापर, म्हणजे फडके किंवा आच्छादन, आपल्या लेखात कदाचित येणार नाही, पण पुढे कुठेतरी अडेल म्हणून सांगतो. ‘ओल्या पान्नोने पुसावे’ असे सूचनापत्रकात लिहिलेले असते, तिथे ‘फडके’ म्हणावे. जुनी, फाटकी चिंधी असेल तर इटालियन माणूस पान्नो न म्हणता ‘स्त्राच्चो’ म्हणतो. ‘हिरवा पान्नो’ म्हणजे बिलियर्डच्या किंवा जुगाराच्या टेबलावरचे आच्छादन, आणि लाक्षणिक अर्थाने जुगारच. इथे ‘हिरवी बनात’ अगदी बरोबर बसते, कारण ते खरोखर त्याच घडणीचे कापड असते. ‘पान्नोलेंची’ म्हणजे हस्तकलेत वापरतात ते रंगीत फेल्ट. तुरीन येथे १९१९ मध्ये स्थापन झालेल्या, बाहुल्या करणाऱ्या ‘लेंची’ या कारखान्यावरून हे नाव पडले. नावात पान्नो असला तरी वस्तू बनात नव्हे, फेल्ट आहे. ‘पान्नोलीनो’ हा शब्द आज बाळाच्या डायपरसाठी चालतो, आणि कापडी प्रकारासाठी ‘बाळोते’ हा आपला शब्द सुरेख आहे. जुन्या मजकुरात मात्र तोच शब्द लिननच्या कापडासाठी असू शकतो, म्हणून वर्ष पाहिल्याशिवाय बाळोते लिहू नये. खिडकीला काचेऐवजी लावलेल्या कापडी तावदानाला ‘इम्पान्नाता’ म्हणत. फ्लोरेन्सच्या पित्ती राजवाड्यातील राफाएलच्या एका मॅडोना-चित्राला, मागे दिसणाऱ्या अशा खिडकीवरूनच नाव मिळाले आहे. चित्रकलेच्या लेखनात ‘पान्नेज्जो’ आले तर ते वस्त्रांच्या चुण्यांचे चित्रण असते.

आजच्या व्यापारात पान्नो प्रामुख्याने हिवाळी कोटाचे कापड म्हणून भेटतो. ‘काप्पोत्तो दी पान्नो’ म्हणजे बनातीचा ओव्हरकोट. पण नमुन्याच्या चिठ्ठीवर पान्नो लिहिले म्हणजे कापड शंभर टक्के लोकरीचेच आहे, असे धरून चालू नये. पान्नो हे घडणीचे नाव आहे, तंतूचे नव्हे, आणि आज त्यात पॉलिएस्टर किंवा नायलॉन मिसळलेले असू शकते. युरोपीय संघाच्या २०११ च्या १००७ क्रमांकाच्या नियमानुसार तंतूंचे प्रमाण लेबलवर स्वतंत्रपणे द्यावे लागते. मी व्यापारी अनुवाद करताना ‘पान्नो’साठी ‘बनात-पद्धतीचे दाट कोटिंग कापड’ लिहितो आणि तंतूंची टक्केवारी लेबलवरून जशीच्या तशी उतरवतो. ग्राहकाने ‘लोकरी’ असे लिहायला सांगितले तरी टक्केवारी पाहिल्याशिवाय ते लिहीत नाही. ‘पान्नो काझेन्तीनो’ मात्र वेगळा ओळखावा. तोस्कानातील काझेन्तीनो खोऱ्यात, स्तिया आणि सोची या गावांच्या परिसरात तो होतो, त्याच्या पृष्ठभागावर लवेच्या बारीक गुठळ्या वळलेल्या असतात, आणि भडक नारिंगी व हिरवा हे त्याचे ओळखीचे रंग आहेत. त्याला नुसते ‘बनात’ म्हटले तर गुळगुळीत कापड डोळ्यांपुढे येते. म्हणून ‘गुठळीदार काझेन्तीनो बनात’ असे पूर्ण लिहावे.

आपल्या तीन वाक्यांपुरते बोलायचे तर: पहिल्यात ‘बनातीची ठाणे’, दुसऱ्यात ‘धुणे’, आणि तिसऱ्यात ‘त्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे’. दुसऱ्या वाक्याच्या आगेमागे माग, ग्वाल्किएरा किंवा तिरातोइओ असेल तर तो निर्णय फिरवावा लागेल. ती वाक्ये आपण प्रश्नात दिलेली नाहीत, म्हणून तेवढे आपणच पडताळून घ्यावे.

लेखनाविषयी एक सूचना. मूळ शब्द मराठी मजकुरात एकदा तरी द्यायचा असेल तर तो ‘पानो’ असा न लिहिता ‘पान्नो’ असा लिहावा, कारण इटालियनमध्ये जोडव्यंजनाचा उच्चार ‘अन्न’ या शब्दातल्याप्रमाणे स्पष्ट दुहेरी असतो. मूळ शब्द पुल्लिंगी आहे. वस्तू म्हणून बोलताना मीही तो मराठीत पुल्लिंगी ठेवतो आणि ‘पान्नोचा’, ‘पान्नोला’ अशी साधी रूपे चालवतो. अनेकवचनासाठी नगांविषयी बोलताना ‘हे पान्नी’ आणि कपड्यांविषयी बोलताना ‘या पान्नी’ असा भेद मी या उत्तरात केला आहे. तो इटालियनमध्ये नाही. मराठी वाचकाला दोन अर्थ वेगळे दिसावेत म्हणून केलेली ती सोय आहे. आपल्या लेखात मात्र पहिल्या उल्लेखानंतर थेट ‘बनात’ आणि ‘धुणे’ वापरावे, म्हणजे या सोयीची गरजच पडणार नाही.